बसलेल्या आवाजाला एक रकाना द्या

प्रति,
ग्वाल्हेरमधले कान-नाक-घसा तज्ज्ञ, गल्लोगल्लीचे फॅमिली डॉक्टर आणि क्षयरोगाच्या कामातले सर्व अधिकारी व कर्मचारी यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या महिन्यात, २४ मार्चच्या क्षयरोग दिनानिमित्त, आमच्या भागात तपासणीचं शिबिर लागलं होतं. मंडप होता, वजनकाटा होता, हातात धरून छातीचा एक्स-रे काढायचं नवं यंत्रही होतं. आमच्या भजनी मंडळातल्या एका मावशींना घेऊन मी गेले. वय ६३. दोन महिन्यांपासून त्यांचा आवाज बसलेला. बोलल्या की सुपात धान्य पाखडल्यासारखी खरखर यायची. टेबलावरच्या मुलाने चार प्रश्न विचारले. दोन आठवड्यांहून जास्त खोकला? नाही. ताप? नाही. वजन घटलं? नाही. रात्री घाम? नाही. चार ठिकाणी "नाही"वर खूण झाली आणि मावशींना जायला सांगितलं. मी म्हटलं, अहो, यांचा आवाज ऐकलात ना? तो मुलगा नम्रपणे म्हणाला, "मॅडम, इसमें गले का कॉलम नहीं है. गले के लिए ईएनटी में दिखाइए."

मावशी तीन आठवड्यांपूर्वीच ईएनटीत, म्हणजे कान-नाक-घशाच्या विभागात, दाखवून आल्या होत्या. तिथे घाईगर्दीत ॲसिडिटीच्या गोळ्या मिळाल्या आणि सोबत सल्ला: छातीचं काही वाटलं तर छातीवाल्यांकडे जा.

त्या मुलावर माझा राग नाही. त्याला कागद दिला तसा त्याने भरला. पण हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, दोन वर्षांपूर्वी मी स्वतःसाठी ऐकलं होतं, माझ्या गळ्यात टीबी असताना, आणि त्याची किंमत माझ्या गळ्याने मोजली. तेव्हा बोलता येत नव्हतं. आता येतं, म्हणून लिहिते आहे.

मी ग्वाल्हेरच्या लष्कर या भागात राहते. घरात मराठी, बाहेर हिंदी, शिंद्यांच्या फौजेबरोबर इकडे आलेल्या अनेक घरांसारखंच आमचं घर. प्राथमिक शाळेत शिकवते. २०२३ च्या गणपतीत माझा आवाज बसला. दहा दिवस दोन्ही वेळा आरत्या, त्यात तिमाही परीक्षेची उजळणी, वर्गात ३७ मुलं. शिक्षिकेचा आवाज बसला तर कुणाला नवल वाटतं? मलाही वाटलं नाही. विसर्जन झालं, नवरात्र आलं, दिवाळी गेली. आवाज काही परतला नाही.

मिठाच्या गुळण्या, ज्येष्ठमध, हळद घातलेलं दूध, कंकोळ, सगळं केलं. डॉक्टरांकडेही गेले, घरी बसून राहिले नाही. पहिल्यांदा पाच दिवसांचं अँटिबायोटिक मिळालं, मग दुसरं. तिसऱ्या खेपेला लिव्होफ्लॉक्सासिन दिलं आणि त्याने आठवडाभर खरंच बरं वाटलं. पुढे कळलं की हे औषध टीबीच्या जंतूंवरही काही प्रमाणात चालतं. रोग्याला तात्पुरतं बरं वाटतं, त्या काळात केलेली तपासणी चुकीची निर्दोष येऊ शकते आणि आत रोग चालूच राहतो. नंतर सूज उतरावी म्हणून स्टेरॉइड दिलं. दोन दिवस आवाज मोकळा झाला. मी देवापुढे साखर ठेवली. तिसऱ्या दिवसापासून होता त्याहून वाईट.

नोव्हेंबरात गिळताना दुखायला लागलं. पोळीचा घास नुसता उतरत नसे, वरणात भिजवून, डोळे मिटून गिळावा लागे. पाण्याच्या घोटाबरोबर उजव्या कानात कळ जायची. कान तपासून घेतला, कान स्वच्छ होता. तो असणारच, कारण दुखणं कानाचं नव्हतं. स्वरयंत्राच्या संवेदना ज्या नसेतून मेंदूकडे जातात त्याच नसेची एक फांदी कानाकडे गेलेली आहे, त्यामुळे दुखणं गळ्यात असलं तरी कळ कानात येते. तुम्हा डॉक्टरांना हे पहिल्या-दुसऱ्या वर्षी शिकवतात. मला ते माझा आजार कळल्यावर एका शिकाऊ डॉक्टरणीने कागदावर चित्र काढून समजावलं. त्या मुलीचे उपकार मी विसरणार नाही.

वजन उतरलं, ५२ वरून ४६ किलो. कारण तयार होतं: जेवत नाही म्हणून. सकाळी थोडा खोकला यायचा. तेही कारण तयार होतं: खडूची धूळ.

डिसेंबरात तानसेन समारोह आला. आमच्याकडे त्याची सुरुवात हरिकथा आणि मीलादने होते, आणि ती हरिकथा मी लहानपणापासून कधी चुकवलेली नाही. त्या वर्षी हजिऱ्याला, तानसेनाच्या समाधीपाशी, गेले तेव्हा दिरांनी समाधीजवळच्या चिंचेची चार पानं आणून हातावर ठेवली. ती पानं चघळली की गळा सुरेल होतो, अशी गाणाऱ्यांची जुनी श्रद्धा. मी चघळली. तो आंबट रस आतल्या जखमेवरून उतरला आणि भर मांडवात माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. लोकांना वाटलं, कथेत रंगलेय. चिंचेला मी दोष देत नाही. तीन महिने उलटून गेले होते आणि तोवर एकाही डॉक्टरने माझ्या गळ्यात खोलवर डोकावून पाहिलेलं नव्हतं. दोष तिथे आहे.

आणि डोकावायला लागतं तरी काय? जिवंत माणसाचे स्वरतंतू आरशात पाहायची रीत जगाला दिली ती मॅन्युएल गार्सिया नावाच्या एका गायनशिक्षकाने. १८५४ साली त्याने दातांच्या डॉक्टरचा छोटा आरसा स्वतःच्या घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडलं आणि आपलेच स्वरतंतू पाहिले. पुढच्या वर्षी ते लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं. म्हणजे दांड्याचा आरसा आणि उजेड एवढ्यावर काम भागतं, आणि ही युक्ती पावणेदोनशे वर्षांची जुनी होत आली आहे. दुर्बीण नसेल त्या दवाखान्यात निदान आरसा तरी असावा, एवढीही अपेक्षा करू नये का?

जानेवारीच्या शेवटी एकदाची दुर्बीण घातली गेली. पडद्यावर दिसलं ते मीही पाहिलं. उजवा स्वरतंतू लाल, सुजलेला, कडेला खरवडल्यासारखी जखम. डॉक्टर माझ्याशी न बोलता यजमानांशी बोलले. कॅन्सर वाटतोय, तुकडा काढावा लागेल. तुकडा काढल्यापासून रिपोर्ट येईपर्यंत अकरा दिवस गेले. त्या अकरा दिवसांत यजमानांनी मुदतठेव मोडायला काढली आणि मी शाळेच्या कपाटाच्या किल्ल्या, बँकेची कागदं, सासूबाईंच्या औषधांची यादी, सगळं वहीत लिहून ठेवलं. बोलता येत नव्हतं, म्हणून मुलाशी त्या दिवसांतलं आमचं सगळं बोलणं पाटीवर झालं. ती पाटी मी अजून टाकलेली नाही.

रिपोर्टमध्ये टीबी निघाला. मग छातीचा एक्स-रे काढला, तर उजव्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाला डाग. बेडका सीबीनॅटवर, म्हणजे टीबीचे जंतू झटपट ओळखणाऱ्या यंत्रावर, तपासला, अडीच तासांत उत्तर: जंतू आहेत, रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल.

अडीच तास! गणपतीत बसलेल्या आवाजाचं उत्तर अडीच तासांत मिळू शकत होतं, आणि ते मिळायला फेब्रुवारी उजाडला.

एक्स-रे आधीच का काढला नाही, असं मी विचारलं. उत्तर मिळालं, तुम्हाला खोकल्याची तक्रार नव्हती. इथे मला माझं म्हणणं नीट मांडायचं आहे, कारण सगळी गोम इथेच आहे. गळ्याचा टीबी बहुतेक वेळा फुप्फुसाच्या टीबीच्याच पाठीवर येतो. जंतूंनी भरलेला बेडका वर येतो, स्वरयंत्राला लागतो आणि तिथे रोग बसतो. कधी रक्तातूनही पोचतो. पण माणसाला जाणवतं ते आधी गळ्यात. त्याची पहिली आणि सगळ्यात ठळक खूण म्हणजे बसलेला आवाज. खोकला क्षुल्लक असू शकतो, ताप नसूही शकतो. असा माणूस छातीवाल्यांकडे जात नाही, आणि तुमच्या शिबिरातल्या चार प्रश्नांत बसत नाही. तो गळ्याच्या रांगेत उभा राहतो. तिथे टीबी कुणाच्या मनात येत नाही. दोन्ही रांगा आपापल्या जागी चोख चालतात आणि हा माणूस दोन्हींच्या मधून निसटतो.

मी तुमची बाजूही समजून घ्यायचा प्रयत्न केला आहे. टीबीवर औषधं नव्हती त्या काळात गळ्याचा टीबी सर्रास दिसायचा आणि तो शेवटच्या अवस्थेचा मानला जायचा. गिळता न आल्याने माणसं उपाशी मरायची. १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आलं, मग इतर औषधं आली, आणि हा प्रकार खूप कमी झाला. जे क्वचित दिसतं ते पटकन आठवत नाही, हे मला कळतं. पण जगातल्या टीबीच्या रोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश ज्या देशात आहेत, तिथे ते आठवायलाच हवं. आपल्या देशाने तर जगाच्या पाच वर्षं आधी, २०२५ पर्यंत टीबी हटवायचं ठरवलं होतं. ते साल मागे पडलं.

नातेवाईक धीर द्यायला यायचे तेव्हा हमखास म्हणायचे, अगं, कुमारांना नव्हता का झाला टीबी, पुन्हा गायले ना? कुमार गंधर्वांचं नाव आमच्या घरात देवासारखंच घेतलं जातं, म्हणून मी मान डोलवायचे. पण त्यांचं दुखणं फुप्फुसाचं होतं. १९४८ साली ते देवासला आले, गाणं काही वर्षं बंद राहिलं, आणि स्ट्रेप्टोमायसिन मिळाल्यावर बरे होऊन गायले. त्यांच्या वेळी औषध दुर्मीळ होतं. माझ्या वेळी ते फुकट होतं, कोपऱ्यावरच्या केंद्रात डब्यांनी ठेवलेलं होतं, आणि तरी साडेचार महिने माझ्यापर्यंत पोचलं नाही. कारण रोगाचं नावच कुणी घेतलं नाही.

आता तक्रारी.

पहिली तक्रार वरच्या कागदाची. चार प्रश्नांत आवाज नाही, गिळणं नाही. घराघरांत जाणाऱ्या आशाताईंच्या तोंडीही तो प्रश्न नाही, भिंतीवरच्या रंगवलेल्या पाटीवरही नाही. मी शहरभर पाहत फिरले आहे.

दुसरी, न पाहता दिलेल्या औषधांची. सर्दीने बसलेला आवाज साधारण दोन आठवड्यांत सुटतो. तीन आठवडे झाले तरी सुटत नसेल तर आधी आत पाहायचं, मग औषध. माझ्या फाइलीत गळा पाहण्याआधीची सहा प्रिस्क्रिप्शनं आहेत.

तिसरी तक्रार कॅन्सरच्या भीतीची आहे, आणि ती मी जपून मांडते. दोन्ही रोग दुर्बिणीतून इतके सारखे दिसतात की नुसत्या नजरेने सांगता येत नाही, हे मला मान्य. तुकडा काढणं बरोबरच होतं. आपल्याकडे गुटखा-तंबाखू इतकी की कॅन्सरची शंका घेतलीच पाहिजे, आणि कधी दोन्ही रोग एकाच गळ्यात निघतात. पण त्याच दिवशी छातीचा एक्स-रे आणि बेडका तपासायला काय हरकत होती? "कॅन्सर किंवा टीबी, दोन्ही पाहतोय" एवढं एक वाक्य यजमानांना कुणी सांगितलं असतं तर ते अकरा दिवस वेगळे गेले असते. आणखी एक. माझा तुकडा सगळाच्या सगळा फॉर्मॅलिनमध्ये गेला. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, मग त्या तुकड्यावर कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहायची तपासणी, होत नाही. थोडा भाग सलाइनमध्ये ठेवून सीबीनॅटला आणि कल्चरला पाठवला असता तर औषध चालेल की नाही तेही तिथूनच कळलं असतं. माझ्या बेडक्यात जंतू सापडले म्हणून निभावलं. ज्यांची छाती स्वच्छ आहे आणि रोग फक्त गळ्यात आहे, त्यांनी काय करायचं?

चौथी तक्रार माझ्या वर्गाची, आणि ती लिहिताना आजही हात थांबतो.

गळ्याचा टीबी अतिशय संसर्गजन्य असतो. जंतू थेट आवाजाच्या वाटेवर बसलेले. बोलताना, खोकताना, गाताना ते बाहेर पडतात. मी सप्टेंबर ते जानेवारी त्या ३७ मुलांसमोर उभी राहून, बसलेल्या आवाजाने, नेहमीपेक्षा जास्त जोर लावून बोलत होते. खिडक्या थंडीमुळे बंद. पाढे म्हणून घेत होते. माझ्या घरच्यांची तपासणी झाली, सासूबाईंना आणि मुलाला प्रतिबंधक औषध मिळालं, ते काम चोख झालं आणि त्याबद्दल मी ऋणी आहे. पण माझ्या वर्गाबद्दल मला कुणी विचारलं नाही. मी आपणहून सांगितलं तर उत्तर आलं, शाळेकडून पत्र आणा. शाळेला नावाची भीती. शेवटी उपचार सुरू होऊन दोन महिने झाल्यावर, आता माझ्यापासून लागण होत नाही असं डॉक्टरांकडून लिहून घेऊन, मी स्वतः घरोघरी गेले. काही दारं तोंडावर लागली. त्याचं वाईट वाटलं, पण त्यांचंही चुकलं असं म्हणवत नाही. २६ मुलांची तपासणी झाली, कुणालाही रोग निघाला नाही. ११ मुलं आलीच नाहीत. त्या अकरा जणांची नावं मला हजेरीच्या क्रमाने पाठ आहेत. हे काम माझं एकटीचं होतं का?

पाचवी तक्रार तुमच्या स्वतःच्या जिवाची. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचा चेहरा रोग्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असतो. नळी घातली की रोगी खोकतो. माझी दुर्बीण झाली त्या खोलीला खिडकी नव्हती, डॉक्टरांचा मास्क हनुवटीवर होता, आणि बाहेरच्या बाकावर माझ्या दोन्ही बाजूंना लहान मुलं टॉन्सिलसाठी बसली होती. आधी शंका घेतली असती तर तुम्ही सगळेच वाचला असता.

आणि शेवटची, बरं झाल्यानंतरची. रोज तीन गोळ्या, वजनाच्या हिशेबाने. लघवी केशरी व्हायची, मळमळायचं, पण अडीच आठवड्यांत गिळणं सोपं झालं आणि त्या दिवशी मी आख्खी भाकरी खाल्ली. दीड महिन्यात आवाज उमटायला लागला. सहा महिन्यांनी, ऑगस्ट २०२४ मध्ये, मला "बरी झाली" असं लिहून मोकळं केलं. तेव्हा कुणी पुन्हा गळा पाहिला नाही. तो माझ्या आग्रहावरून पाहिला गेला तेव्हा कळलं की जखम भरली, पण भरताना वण राहिला आहे आणि उजवा स्वरतंतू ताठ आहे. वेळेवर उपचार झाले तर बहुतेकांचा आवाज पूर्ण परत येतो. उशीर झाला की वण धरतो. फार उशीर झाला तर श्वासाची वाटही अरुंद होते. माझा वरचा षड्ज गेला. वर्गात शिकवण्यापुरता आवाज आहे, मंडळात मी आता टाळ धरते. आवाजाचे व्यायाम शिकवणारे तज्ज्ञ असतात, त्यांच्याकडे जायला हवं होतं, हे मला औषध संपून सात महिने झाल्यावर समजलं.

माझ्याकडे पगार होता, मोडायला ठेव होती, रजा होती, रागावून प्रश्न विचारण्याइतकं शिक्षण होतं. औषधाच्या केंद्रात माझ्या शेजारी घाटीगावकडची एक सहरिया आदिवासी बाई बसायची. नवरा दगडाच्या खदानीत. तिचा आवाज कुजबुजीइतका राहिला होता. तिने मला सांगितलं, म्हणजे ओठ हलवून आणि हातवारे करून सांगितलं, की सात महिने गावातला डॉक्टर सुई टोचत होता. श्योपूर, शिवपुरी आणि आपल्या जिल्ह्यातल्या सहरियांमध्ये टीबीचं प्रमाण देशाच्या सरासरीच्या कित्येक पट आहे, हे सरकारी संशोधनातच नोंदलेलं आहे. खदानीतल्या धुळीने फुप्फुसं आधीच पोखरलेली असतात. त्या बाईला कुणी दुर्बिणीकडे कधी पाठवलं असतं? तिचा बेडका योगायोगाने तपासला गेला, नवऱ्याला रोग निघाला म्हणून.

मावशींचं काय झालं तेही सांगते, नाहीतर पत्र अर्धवट राहील. शिबिरातून परत आल्यावर मी त्यांना घेऊन पुन्हा ईएनटीत गेले आणि गळा पाहिल्याशिवाय खुर्चीतून उठायचं नाही, असं त्यांना सांगून ठेवलं. स्वरतंतूवर साधी गाठ निघाली. एक्स-रे स्वच्छ, बेडका स्वच्छ. त्यांना टीबी नाही. बसलेला प्रत्येक आवाज टीबीचा असतो असं मी म्हणतच नाही, बहुतेक नसतात. पण ते पाहिल्यावर ठरतं. शिबिराच्या टेबलावर, न पाहता, ते ठरवून टाकलं होतं.

माझ्या मागण्या अशा आहेत.

टीबीच्या तपासणीच्या प्रत्येक कागदावर, आशाताईंच्या वहीत आणि शिबिराच्या टेबलावर एक प्रश्न वाढवा: "तीन आठवड्यांहून जास्त आवाज बसला आहे का, किंवा गिळताना दुखतं का?" उत्तर हो आलं की एक्स-रे आणि बेडका त्याच ठिकाणी घ्या, आणि गळा पाहायला पाठवताना नुसतं तोंडी सांगू नका, चिठ्ठी द्या. त्या चिठ्ठीवाल्याला ईएनटीत वेगळी वेळ मिळावी.

फॅमिली डॉक्टरांना विनंती: तीन आठवडे झालेला घसा न पाहता दुसरं अँटिबायोटिक लिहू नका. लिव्होफ्लॉक्सासिनसारखी औषधं आणि स्टेरॉइड तर टीबीची शंका दूर केल्याशिवाय मुळीच नको.

ईएनटी तज्ज्ञांना: तुकडा काढायचा ठरला की छातीचा एक्स-रे आणि बेडक्याची तपासणी सोबतच सांगा, तुकड्याचा एक भाग सलाइनमध्ये पाठवा, आणि घरच्यांना दोन्ही शक्यता सांगा. मास्क नाकावर ठेवा. खोकणाऱ्याला आणि आवाज बसलेल्याला बाकावर मुलांमध्ये बसवू नका, मोकळ्या हवेच्या बाजूला बसवा आणि मास्क द्या.

अधिकाऱ्यांना: रोगी शिक्षक असेल, अंगणवाडीत असेल, कीर्तनकार असेल, तर त्याच्या समोर बसणाऱ्यांची तपासणी ही त्याच्या मर्जीवर आणि शाळेच्या पत्रावर सोडू नका. तुमच्या माणसाने शाळेत जावं, रोग्याचं नाव न घेता. माझ्या वर्गातली ती अकरा मुलं आता पाचवीत आहेत. त्यांच्यापासून सुरुवात करा; यादी मी देते.

आणि गळ्याचा टीबी झालेल्याचा गळा उपचाराच्या दुसऱ्या महिन्यात आणि शेवटी, असा दोनदा पाहा. आवाजाच्या व्यायामाची सोय जिल्ह्यात एका ठिकाणी तरी करा.

यातल्या एकाही मागणीला नवं यंत्र किंवा नवं औषध लागत नाही. सीबीनॅट आहे, तसंच काम करणारं ट्रूनॅट आहे, एक्स-रे आहे, दुर्बिणी आहेत, गोळ्या आहेत.

नवा कागद छापायला वेळ लागणार असेल तर तोवर मी रबरी शिक्का करून घेतला आहे, हिंदीत, एकाच ओळीचा, आवाजाचा आणि गिळण्याचा प्रश्न. जुन्या कागदाच्या खाली मोकळी जागा आहे, तिथे तो बसतो. मी मावशींच्या कागदाच्या झेरॉक्सवर मारून पाहिला. पुढचं शिबिर कुठे आणि कधी आहे ते कळवा. शनिवारी शाळा लवकर सुटते, मी शिक्का आणि शाई घेऊन टेबलाशी बसेन.

आपली,
लष्करातली एक शिक्षिका
ग्वाल्हेर